तेवढं एक दार

लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूरच्या पुढं कुठल्याही धाब्यावर चहा सांगून बसावं आणि समोर उभ्या असलेल्या गाड्यांचे पत्रे बघावेत. चहा येईपर्यंत छान करमणूक होते. पांढऱ्या पिकअपचा एक मडगार्ड दुधी असतो, दुसरा मोतिया. लाल टिप्परचं एक दार डाळिंबी, एक विटकरी. आयशरचा मागचा फाळका तर अशा रंगाचा की त्या रंगाची गाडी कुठल्याच कंपनीनं कधी काढलेली नसावी. आरसी बुकात मात्र रंगाच्या रकान्यात एकच शब्द असतो. तो ज्यानं लिहिला त्यानं गाडी नवी असताना पाहिलेली असते, आणि त्यानंतर तिची आणि त्याची गाठ पडलेली नसते.

सरकारला रंगाची फिकीर नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या ट्रकचा रंग ठरवून दिला होता: सुक्या पानाचा तपकिरी, आणि त्याला जाड पांढरी किनार. पान कशाचं, ते सांगितलेलं नाही. किनवटच्या जंगलातलं सागाचं पान सुकलं की त्याला एक रंग येतो, पळसाचं सुकलं की दुसरा, आणि आमच्या दाजींच्या खिशात राहून गेलेलं विड्याचं सुकलं की तिसरा. हा नियम लिहिणारा माणूस एक तर कवी असावा, किंवा ऐन पानगळीत कामावर रुजू झालेला असावा.

दाजींच्या गाडीला हा नियम लागू नव्हता. त्यांची 407. ही गाडी टाटांनी 1986 साली बाजारात आणली. दाजींची तेवढी जुनी नाही, पण बघणाऱ्याचा तसा समज होतो आणि दाजी तो खोडून काढत नाहीत. लातूरच्या डाळ मिलमधून तूरडाळ घेऊन ती नांदेडला जाते, येताना मिळेल ते घेऊन येते. रंग निळा. म्हणजे होता.

गेल्या गळीत हंगामात उसाच्या एका ट्रॅक्टरनं वळणावर घोळ केला. मागं दोन ट्रॉल्या, पुढं छातीत धडधडेल इतक्या मोठ्यानं लावलेलं गाणं. पहिली ट्रॉली नीट गेली, दुसरी दाजींच्या क्लीनर बाजूच्या दाराला घासत गेली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही. पुढच्या चौकात गाठून त्याला सांगितलं तर त्यानं आधी गाणं बंद करावं की आधी दार बघावं यावर जरा विचार केला, आणि गाणं चालू ठेवूनच दार बघितलं. "एवढंच व्हय?" म्हणाला.

एवढंच. एक दार. बाकी गाडीला ओरखडा नाही. दाजींनीही लातूरच्या पेंटरला तेच सांगितलं, "तेवढं एक दार मॅच करून द्या." पत्रा आतून ठोकून सरळ झाला, खड्डे राहिले तिथं लांबी भरली, ती घासली. इथं एक सांगायला हवं की लांबी शेवटी पाणी पेपरनं घासायची असते आणि पाणी हा लातुरात चेष्टेचा विषय नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हापासून इथला पेंटर पोऱ्याला "पाणी मार" असं सांगण्याआधी रस्त्यावर कोण उभं आहे ते बघून घेतो.

रंगाचं काम मात्र शास्त्रशुद्ध झालं. कंपनीचा कोड काढला. दुकानदारानं तो कॉम्प्युटरमध्ये घातला, कॉम्प्युटरनं कुठल्या डब्यातला रंग किती ग्रॅम ते सांगितलं, काट्यावर तोलून डबा भरला, यंत्रानं हलवला. पेंटरनं काचेवर आणि बाकीच्या पत्र्यावर 'एकमत' पेपरची पानं चिकटवली, गन चालवली आणि संध्याकाळी पानं काढली. गाडीवर 'एकमत' होतं तोवर सगळं ठीक दिसत होतं.

दार निळंशार झालं होतं. चूक कुणाचीच नव्हती. कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवशी तिचा जो रंग होता, बरोबर तोच रंग दाराला लागला होता. त्या दिवसाला बरीच वर्षं होऊन गेली, हे बाकीच्या गाडीला ठाऊक होतं, दाराला कुणी कळवलं नव्हतं.

उन्हात रंग विटतो असं आपण म्हणतो, पण विटण्याला एक क्रम असतो. रंगात रंगद्रव्याचे कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी आधी हा धरून ठेवणारा झिजतो. मग वरचे कण मोकळे होतात आणि पत्र्यावर खडूच्या भुकटीचा थर येतो. म्हणून जुन्या गाडीला पांढरा सदरा घालून टेकू नये. दाजींच्या गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाची पाठ बघून तो कुणाशी बोलत होता हे आख्खा मोंढा सांगू शकतो.

बरं, विटणंही सगळीकडं सारखं नाही. नांदेड लातूरच्या ईशान्येला. सकाळी लातूरहून निघालं की ऊन ड्रायव्हर बाजूला. दिवस कलल्यावर परत निघालं की ते समोरून नाही तर पुन्हा ड्रायव्हर बाजूनंच. म्हणजे ड्रायव्हरचं दार वर्षानुवर्षं भाजून निघालं, क्लीनरचं सावलीत राहिलं. क्लीनरच्या नशिबात एवढं एक सुख होतं. टप तर दोघांच्याही वरचा, त्याला कुणाचीच सावली नाही. एका गाडीवर मोजून चार निळे, आणि त्यात आता हा पाचवा, कारखान्यातला.

मग रस्त्यानं बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं या गाडीकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता चाकूरला टपरीवाला विचारायचा, "दाजी, दार नवं बसवलाव का?" अहमदपूरला एकानं गाडी पलटी झाली होती का असं हळू आवाजात विचारलं आणि कोण कोण वाचलं त्याची चौकशी केली. लोह्याला एका पोलिसानं हात करून थांबवलं, दाराकडं पाहिलं, कागद पाहिले, पुन्हा दाराकडं पाहिलं आणि काही न बोलता जाऊ दिलं. हे न बोलणं दाजींना फार लागलं.

"पाव्हणं," ते मला म्हणाले, "दार लई चमकायलंय. लोकांला वाटायलंय बाकीची गाडीच चोरीची हाय."

हेन्री फोर्डला ही कटकट नव्हती. 1914 ते 1925 एवढी वर्षं त्याची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघत होती. मग 1920 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीनं ड्युको नावाचा झटपट सुकणारा रंग काढला, जनरल मोटर्सनं तो उचलला, गाड्या रंगीबेरंगी झाल्या आणि जगातला प्रत्येक पेंटर कामाला लागला. ड्युको हे नाव तिकडं लोक विसरले असतील. नांदेड-लातुरात गनमधून उडणारा कुठलाही रंग अजून ड्युकोच असतो.

सल्ले आले. भाच्यानं दारावर रेडियममध्ये मोठं 'जय मल्हार' टाकावं असं सुचवलं. माळेगावचा खंडोबा वाटेवरच आहे, त्याला राग यायचं कारण नव्हतं. पण पाच निळ्यांवर एक पिवळा, असा हिशोब करून दाजींनी नकार दिला. दुसऱ्या एकानं उरलेली गाडीच त्या रंगात मारून घ्या म्हणून सांगितलं. दार दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला गाडी रंगवून आणायला लावणारे हे हितचिंतक गावोगाव असतात आणि त्यांच्यापैकी एकाचीही स्वतःची गाडी नसते.

खरा तोडगा ताईनं काढला. ती दाराजवळ आली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हा चिंतामणी आहे. तुमच्या गाडीचा चिंतामणी केव्हाच गेला. तो आता आस्मानीही राहिला नाही, राख टाकलेला आस्मानी झालाय. आणि पेंटरला तुम्ही निळा म्हणून सांगितलंत?"

ताईचा या विषयातला अधिकार मोठा आहे. लातूरच्या बाजारात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कुठल्या रस्त्यावर किती वाजता चांगलं ऊन असतं हे तिला पाठ आहे. कारण मॅचिंग सेंटरमधला ब्लाऊजपीस दुकानात बघून घेणाऱ्या बाईचं काही खरं नसतं. जुन्या साडीला नवा ब्लाऊज आणि जुन्या गाडीला नवं दार, हे एकच दुःख आहे. ट्यूबलाइटखाली दोन निळे अगदी एक दिसतात, उन्हात नेले की वेगळे पडतात. दोन्ही वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे बनलेले असतात आणि ट्यूबच्या उजेडाची घडण सूर्यप्रकाशाहून निराळी असते, त्यामुळं आत झाकलेला फरक बाहेर उघडा पडतो. शास्त्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात. ताई याला दुकानदाराची लबाडी म्हणते आणि पीस घेऊन दारात जाते. दुकानदारही आता तिला बघितलं की आपणहून शटरपर्यंत येतो.

"सावलीतल्या पेंटरकडं नेऊ नका," असा निकाल तिनं दिला. "उघड्यावर काम करणारा बघा."

उघड्यावर काम करणारा उस्ताद नांदेडला होता, देगलूर नाक्याच्या बाजूला. आता लातूरच्या माणसानं लातूरचं काम नांदेडला नेणं ही साधी गोष्ट नव्हे. विभागीय आयुक्तालय कुणाकडं, यावर या दोन शहरांत जे काही बोललं गेलंय ते घरात लहान मुलं असताना वाचू नये. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत दोन-दोन अशी बरोबरी आहे: आमचे शिवाजीराव पाटील-निलंगेकर आणि विलासराव देशमुख, त्यांचे शंकरराव आणि अशोकराव चव्हाण. त्यातही गंमत अशी की 1986 ला निलंगेकर गेले तेव्हा शंकरराव आले आणि 2008 ला विलासराव गेले तेव्हा अशोकराव आले. लातूरनं मारलेल्या रंगावर नांदेडनं हात फिरवायचा, हे दोनदा होऊन गेलं होतं. दाजींनी तिसऱ्यांदा तयारी केली, फक्त लातुरात कुणाला सांगू नका म्हणाले.

उस्तादनं दार बघितलं नाही. तो दाराच्या शेजारचा कोपऱ्याचा पत्रा बघत बसला. अंगठा ओला करून तिथं फिरवला, भुकटी बघितली.

"अकेले दार को कोई नई देखता, मालक," तो म्हणाला. "बाजू का पत्रा देखते, फिर दार को देखते."

हे वाक्य मी लिहून ठेवलं, कारण फ्रान्समध्ये याच गोष्टीवर एका माणसानं मोठा ग्रंथ लिहिला आहे. पॅरिसला गोबलँ नावाचा भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणारा सरकारी कारखाना. तिथं 1824 साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. (शेव्हरले गाडीशी यांचा संबंध नाही, दाजींनी विचारलं होतं.) तक्रार अशी होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्रलनी धागा तपासला, रंग तपासला, सगळं चोख. बिघाड शेजारच्या धाग्यांत होता, म्हणजे त्यांच्या शेजारामुळं काळा फिका वाटत होता. 1839 साली त्यांचा ग्रंथ आला आणि पुढं चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. शेव्रल 102 वर्षं जगले. देगलूर नाक्यावर हे काम करणाऱ्याला थिनरच्या वासात एवढं आयुष्य मिळणं अवघड आहे, आणि ग्रंथ लिहायला हात मोकळा असणं त्याहून.

मग उस्ताद रंग बनवायला बसला. काटा नाही, कॉम्प्युटर नाही. कंपनीच्या निळ्यात पांढरा घातला, ढवळला. चिमटीएवढा पिवळा. काडीच्या टोकाला लागेल इतका काळा. "इसमें थोडी धूप डालनी पडती," तो म्हणाला. पत्र्याच्या एका तुकड्यावर बोटभर रंग उडवून तो उन्हात ठेवला आणि चहा मागवला. दाजी तुकडा ओला असतानाच गाडीला लावून बघायला निघाले तर त्यानं हाताला धरून बसवलं. ओला रंग खरं बोलत नाही. सुकल्यावर तो एक घर गडद होतो, म्हणून ओला असताना जरा फिकाच दिसला पाहिजे. असे किती तुकडे सुकले ते मी मोजलं नाही, पण चहाचे पैसे दाजींनी दिले आणि त्यांचा चेहरा मी पाहिला.

अमेरिकेत कोडॅक कंपनीत डेव्हिड मॅकॲडम नावाच्या शास्त्रज्ञानं 1942 साली माणसाच्या डोळ्याला रंगातला किती बारीक फरक कळतो ते शोधून काढलं. त्यासाठी एका माणसाकडून त्यानं रंग जुळवून घेतले, पंचवीस हजारांहून जास्त वेळा. त्या माणसाला चहा मिळत होता की नाही, याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

मध्येच एक पेच आला. जुन्या पत्र्याला रबिंग मारलं की वरची भुकटी जाते आणि आत झाकलेला निळा थोडाफार परत येतो. म्हणजे दाराला म्हातारं करायचं की गाडीला तरुण, असा प्रश्न. दाजी तरुणाच्या बाजूचे होते. उस्ताद म्हणाला, रबिंग केलेला पत्रा दोन उन्हाळ्यांत पुन्हा भुकटी धरतो आणि दार तसंच राहतं, मग माझ्याकडं भांडायला याल. शेवटी कोपऱ्याचा पत्रा हलक्या हातानं पुसला आणि दारावर वय चढवायचं ठरलं.

मुहूर्त सकाळचा. आमच्याकडं रंगकामाचं पंचांग कडक असतं. वैशाखात ऊन चढल्यावर गन चालवली तर थिनर हवेतच उडून जातो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा पडतो आणि हात फिरवला की रवा लागतो. भादव्यात हवा दमट, लॅकर पांढुरकं पडतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची मळणी, सगळ्या जिल्ह्याचा भुसा ओल्या रंगावर बसायला येतो. उरलेल्या दिवसांत लग्नसराई, उस्तादचा पोऱ्या सुट्टीवर. यातून जी सकाळ मिळाली तिला नऊच्या आत काम आटपायचं होतं. पत्र्यावर या वेळी 'प्रजावाणी'ची पानं होती. नांदेडचं काम, नांदेडचा पेपर.

दार मारून झाल्यावर उस्तादनं चिकटवलेला कागद कोपऱ्यावर जरा मागं सरकवला आणि गन लांब धरून शेजारच्या पत्र्यावर चार बोटं रंग उडवत नेऊन हवेत सोडला. दार कुठं संपलं आणि जुनी गाडी कुठं सुरू झाली ते ठरवायला जागाच ठेवली नाही. पैशाचं ठरवताना त्यानं दाराचे कमी सांगितले आणि या चार बोटांचे जास्त. दाजींनी घासाघीस केली, पण दाराच्या पैशांवर. चार बोटांच्या पैशांवर बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्यानंतर रस्ता गप्प झाला. चाकूरच्या टपरीवाल्यानं काही विचारलं नाही. लोह्याच्या पोलिसानं हात केला नाही. गाडी पासिंगला नेली, जुन्या गाडीला दरवर्षी न्यावीच लागते, तिथल्या साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बोटानं उकरून बघितल्या आणि दाराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एवढा खर्च करून कुणालाच काही दिसत नाही याचा दाजींना थोडा विषाद वाटू लागला. ते स्वतःच लोकांना विचारू लागले, "कोणतं दार मारलंय सांगा बरं?" लोक हटकून ड्रायव्हरचं दाखवायचे.

अशातच मुखेडकडचा एक गिऱ्हाईक आला. गाडी विकायची नव्हती, पण भाव ऐकायला काय जातं? हा माणूस जुन्या गाड्यांतला जाणकार म्हणून प्रसिद्ध. खिशात चुंबक घेऊन फिरायचा. लांबी भरलेल्या जागी चुंबक नीट धरत नाही, ठोकल्यावर आवाजही बद्द येतो, हे त्याचं भांडवल. त्यानं टप ठोकला, मडगार्ड ठोकले, ड्रायव्हरच्या दारावर चुंबक लावलं. मग क्लीनरच्या दारावर लावलं तर ते हळूच घसरून खाली पडलं. दाजींनी श्वास धरला. त्यानं चुंबक उचललं, पुसलं, "जुनं झालंय, धरत न्हाई आता," म्हणाला आणि खिशात घातलं. मग चार पावलं मागं सरकून, डोळ्यावर हात धरून त्यानं उन्हात पूर्ण गाडी न्याहाळली.

"दाजी, खोटं बोलू नका. ह्या गाडीला कुणीतरी रंग मारलाय. टप मारलाय, मडगार्ड मारलंय, ड्रायव्हरचं दार तर सरळ दिसायलंय. कंपनीचं म्हणून एकच दार राहिलंय, हे क्लीनर साईडचं."

"तुमची नजर लई बारीक हाय," दाजी म्हणाले.

त्यानं या दोषांबद्दल भाव पाडून सांगितला तो ऐकून दाजींना गाडीची लाज वाटली. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी तिथंच उभं राहून नांदेडला फोन लावला. पूर्ण गाडी मारायची म्हणाले. पलीकडून उस्तादनं विचारलं, कलर कौनसा, कंपनीवाला मारूं के दार से मॅच करूं, और दार पे भी एक हात मार दूं क्या?

"दाराला हात लावायचा न्हाई," दाजी म्हणाले. "ते ओरिजनल हाय."